स्क्विड 'रनिंग' दिसतो, पण साठवत काहीच नाही

कंपनीच्या शाखेत किंवा महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत शे-दोनशे संगणकांसाठी कॅश सर्व्हर (एकदा उतरवलेला आशय साठवून पुढच्या संगणकाला देणारा सर्व्हर) बसवण्याचे काम ज्यांच्याकडे येते, त्यांतले बरेच जण स्क्विडपासून सुरुवात करतात आणि माझ्या मते ती निवड योग्यच आहे. हार्वेस्ट या संशोधन प्रकल्पातल्या कॅश प्रोग्रॅममधून १९९६ साली वेगळा निघालेला, डुएन वेसल्स यांच्या पुढाकाराने आणि अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या निधीतून वाढलेला हा मुक्त प्रोग्रॅम आज रेड हॅट, डेबियन, उबुंटू अशा सगळ्या प्रमुख लिनक्स वितरणांत तयार मिळतो आणि एका आज्ञेत बसतो. मात्र बसवून झाल्यावर 'सिस्टिमसीटीएल स्टेटस' ही सेवेची अवस्था सांगणारी आज्ञा दिली की जी हिरवी 'ॲक्टिव्ह, रनिंग' अशी ओळ दिसते, तिच्यावर विसंबून काम संपले असे मानू नये, असे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगत आले आहे. प्रोसेस जिवंत आहे, एवढेच ती ओळ सांगते. एका संगणकाने उतरवलेली मोठी फाइल दुसऱ्या संगणकाला इंटरनेटवर न जाता मिळाली, आणि तसे लॉगमध्ये दिसले, तरच कॅश सर्व्हर बसला असे म्हणता येते. तिथपर्यंत पोहोचताना ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बहुतेक स्क्विडच्या आत नसून त्याच्या आजूबाजूला असतात: डिस्क, परवानग्या, सुरक्षा धोरण, नियमांचा क्रम. या लेखात त्या ज्या क्रमाने तपासाव्यात त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

सेवा सुरूच होत नसेल तर लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीने दाखवलेल्या शेवटच्या चार-पाच ओळींवर वेळ घालवू नये. त्या ओळींत परिणाम असतो, कारण नसते. कारण स्क्विडच्या स्वतःच्या 'कॅश डॉट लॉग'मध्ये असते, आणि तिथेही शेवटचा नव्हे तर या वेळच्या सुरुवातीनंतरचा पहिला 'फेटल' किंवा 'एरर' वाचायचा असतो, कारण त्याच्या खालचे बरेच संदेश त्या पहिल्याच बिघाडातून जन्मलेले असतात. त्याही आधी 'स्क्विड डॅश के पार्स' ही आज्ञा चालवावी. ती कॉन्फिग फाइल ओळीओळीने वाचून दाखवते आणि न कळलेल्या ओळीचा क्रमांक सांगते. 'वॉर्निंग' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींनी घाबरून जाण्याचे कारण नाही. एक सबनेट दुसऱ्याच्या पोटात येते अशी सूचना आली तर दुबार लिहिलेली ओळ काढून टाकावी आणि पुढे जावे.

खरी वेळखाऊ अडचण पुढे येते, आणि ती जवळजवळ नेहमी वेगळ्या डिस्कशी जोडलेली असते. मूळ विभागात जागा कमी असते म्हणून आपण नवी डिस्क लावतो, ती उदाहरणार्थ 'स्लॅश कॅश' या ठिकाणी माउंट करतो, कॉन्फिगमध्ये 'कॅश डिर'च्या ओळीत नवा पत्ता देतो, डिरेक्टरीची मालकी योग्य वापरकर्त्याकडे सोपवतो (रेड हॅटच्या कुळात तो वापरकर्ता 'स्क्विड' असतो, तर डेबियन आणि उबुंटूमध्ये 'प्रॉक्सी'), आणि तरीही लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' आणि त्याच्या आधी कंसात १३ हा आकडा दिसतो. अशा वेळी अनेकांचा हात सगळ्यांना सगळे अधिकार देणाऱ्या ७७७ परवानगीकडे जातो. ती देऊनही काही बदलत नाही, आणि सर्व्हरवर सगळ्यांना लिहिता येईल अशी एक डिरेक्टरी मात्र कायमची राहून जाते.

इथे दोन शक्यता वेगळ्या करून पाहाव्यात. पहिली साधी आहे. कॅशची डिरेक्टरी स्वतः योग्य मालकाची असली, तरी तिच्या वरच्या एखाद्या डिरेक्टरीतून आत जाण्याचा अधिकार स्क्विडच्या वापरकर्त्याला नसतो. 'नेमआय डॅश एल' ही आज्ञा पूर्ण पत्त्यातल्या प्रत्येक पायरीचा मालक आणि परवानगी एकाखाली एक मांडून दाखवते, त्यामुळे अडलेली पायरी लगेच कळते. दुसरी शक्यता एसईलिनक्सची, म्हणजे कोणत्या प्रोसेसने कशाला हात लावावा हे लेबलांवरून ठरवणाऱ्या लिनक्सच्या सुरक्षा यंत्रणेची आहे, आणि तिची खूण फार बोलकी आहे: रूटच्या शेलमधून हाताने चालवला तर स्क्विड व्यवस्थित सुरू होतो, पण सिस्टिमसीटीएलमधून सुरू केला की अडतो. कारण असे की, शेलमधून चालवलेली प्रोसेस सहसा बंधनमुक्त डोमेनमध्ये राहते, तर सेवा म्हणून सुरू झालेली प्रोसेस 'स्क्विड टी' या बंदिस्त डोमेनमध्ये जाते आणि तिला ठरावीक लेबल असलेल्या फाइलींनाच हात लावता येतो. नव्या डिस्कवरच्या डिरेक्टरीला ते लेबल कोणी दिलेलेच नसते.

'एलएस'ला मोठा 'झेड' हा पर्याय दिला की लेबल दिसते. मूळ ठिकाणच्या कॅश डिरेक्टरीवर 'स्क्विड कॅश टी' असते आणि आपल्या नव्या डिरेक्टरीवर 'डिफॉल्ट टी' किंवा 'अनलेबल्ड टी'. 'एयूसर्च' वापरून अलीकडच्या 'एव्हीसी' नोंदी (एसईलिनक्सने नाकारलेल्या प्रयत्नांच्या नोंदी) काढल्या की त्यात 'डिनाइड', मागणी करणारा 'स्क्विड टी' आणि ज्याला हात लावायचा होता तो 'डिफॉल्ट टी' असे तिन्ही तपशील एकाच ओळीत मिळतात, त्यामुळे अंदाज बांधावा लागत नाही. उपाय दोन पायऱ्यांचा आहे. 'सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट'ने त्या पत्त्यासाठी 'स्क्विड कॅश टी' हे लेबल धोरणात नोंदवावे आणि मग 'रिस्टोअरकॉन'ने ते प्रत्यक्ष फाइलींवर उतरवावे. 'सीएचकॉन'नेही लेबल बदलते, पण धोरणात नोंद होत नाही, त्यामुळे पुढच्या रीलेबलमध्ये ते पुसले जाते. नेहमीच्या ३१२८ ऐवजी एखादे वेगळे पोर्ट हवे असेल, तर तेही 'सेमॅनेज पोर्ट'ने 'स्क्विड पोर्ट टी' म्हणून नोंदवावे लागते. एसईलिनक्स तात्पुरते 'परमिसिव्ह' (फक्त नोंद करणारे, न अडवणारे) करून बिघाड त्याचाच आहे का हे पाहणे ठीक आहे. मात्र त्याच अवस्थेत सर्व्हर कायमचा सोडून देण्याचा जो प्रघात दिसतो, तो मला मुळीच मान्य नाही. कॅश सर्व्हर संपूर्ण संस्थेची वाहतूक हाताळतो, म्हणून त्याच्याभोवतीचे कुंपण सर्वांत आधी शाबूत असायला हवे. उबुंटूमध्ये ॲपआर्मर या तशाच सुरक्षा यंत्रणेचे प्रोफाइल चालू केलेले असेल तर तिथेही हाच प्रकार घडतो. तेव्हा नवा पत्ता त्याच्या 'लोकल' डिरेक्टरीतल्या फाइलीत जोडावा, मूळ प्रोफाइलमध्ये नव्हे.

डिस्क मोकळी झाली की तिच्यावर कॅशच्या उपडिरेक्टऱ्या तयार कराव्या लागतात. नेहमीच्या 'कॅश डिर' ओळीतला १०० हा आकडा मेगाबाइटचा, १६ हा पहिल्या पातळीवरच्या आणि २५६ हा दुसऱ्या पातळीवरच्या डिरेक्टऱ्यांचा असतो. त्या 'स्क्विड डॅश झेड'ने तयार होतात. ही आज्ञा काम संपण्याआधीच पार्श्वभूमीत जाऊ शकते, आणि प्रॉम्प्ट परत दिसल्याबरोबर आपण सेवा सुरू केली तर 'स्क्विड इज ऑलरेडी रनिंग' असा संदेश येतो. तिच्याबरोबर मोठा 'एन' हा पर्याय दिला की ती काम पूर्ण करूनच परतते. हाच संदेश यंत्र अचानक बंद पडल्यानंतरही येऊ शकतो. तेव्हा प्रोसेसचा क्रमांक ठेवणाऱ्या पीआयडी फाइलीतला क्रमांक खरोखर स्क्विडच्या प्रोसेसचा आहे का, हे पाहूनच ती फाइल काढावी.

किती जागा द्यायची, याबद्दल स्क्विडच्या कॉन्फिगमधली टीप स्पष्ट आहे: पूर्ण डिस्क वापरायची असेल तरी तिच्या आकारातून २० टक्के वजा करून आकडा लिहावा. शिवाय 'डीएफ'ला 'आय' पर्याय देऊन आयनोडही (प्रत्येक फाइलीमागे लागणाऱ्या नोंदी) पाहावेत, कारण लहान फाइलींची गर्दी झाली की जागा शिल्लक असूनही आयनोड संपतात आणि 'नो स्पेस लेफ्ट' असाच संदेश येतो. मेमरीचा हिशेब तर बहुतेक जण करतच नाहीत. ६४ बिटच्या यंत्रावर डिस्क कॅशच्या प्रत्येक गिगाबाइटमागे नुसत्या सूचीसाठी सुमारे १४ मेगाबाइट मेमरी लागते, म्हणजे ५०० गिगाबाइटची कॅश भरत गेली की सात गिगाबाइट मेमरी तिथेच जाते. 'कॅश मेम' हा आकडा म्हणजे स्क्विडच्या एकूण मेमरीची मर्यादा नव्हे. तो फक्त मेमरीत ठेवायच्या आशयाचा वाटा आहे. चार गिगाबाइटच्या आभासी यंत्राला अर्धा टेराबाइटची डिस्क जोडलेली असेल, तर पहिले काही आठवडे सगळे सुरळीत चालते आणि मग एके दिवशी कर्नेल ती प्रोसेस मारून टाकतो. बसवताना केलेल्या चुकीचा परिणाम इतक्या उशिरा दिसला की त्याचा बसवण्याशी असलेला संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

आता सेवा सुरू आहे, पण ब्राउझरमध्ये 'ॲक्सेस डिनाइड'चे पान येते आणि 'ॲक्सेस डॉट लॉग'मध्ये 'टीसीपी डिनाइड' आणि ४०३ दिसते. 'एचटीटीपी ॲक्सेस'चे नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला लागू पडणारा नियम अंतिम ठरतो. फाइलीच्या शेवटी 'डिनाय ऑल' असते, त्यामुळे फाइलीच्या तळाशी जोडलेली परवानगीची ओळ कधी वाचलीच जात नाही. डेबियन आणि उबुंटूच्या पॅकेजमध्ये स्थानिक नेटवर्कला परवानगी देणारी ओळ मुद्दाम टिप्पणीत ठेवलेली असते. तिथे स्वतःचे नियम 'कॉन्फ डॉट डी' या डिरेक्टरीत वेगळ्या फाइलीत लिहावेत. ती फाइल योग्य जागी आत घेतली जाते आणि पुढच्या अद्यतनात मूळ फाइलीशी भांडणही होत नाही. ब्राउझर नुसताच ताटकळत राहिला आणि लॉगमध्ये काहीच उमटले नाही, तर विनंती स्क्विडपर्यंत पोहोचलेलीच नाही. तेव्हा फायरवॉल पाहावी.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे कोणताही दोषसंदेश येत नाही. सेवा चालू असते, संकेतस्थळे उघडतात, तक्रार कोणाचीच नसते आणि तरीही इंटरनेटच्या वापरात तसूभर फरक पडलेला नसतो. मूळ कॉन्फिगमध्ये डिस्कवरची कॅश मुळात बंदच असते. 'कॅश डिर'ची ओळ टिप्पणीत असते. फक्त २५६ मेगाबाइटची मेमरीतली कॅश चालू असते आणि तीत ५१२ किलोबाइटपेक्षा मोठी वस्तू ठेवली जात नाही. डिस्कवरची कॅश सुरू केली तरी एका वस्तूची कमाल मर्यादा ४ मेगाबाइट इतकीच असते. ज्या कामासाठी आपण हा सर्व्हर बसवला, म्हणजे शेकडो मेगाबाइटची अद्यतने आणि सॉफ्टवेअरची पॅकेजे, ती या मर्यादेबाहेरच राहतात. 'मॅक्सिमम ऑब्जेक्ट साइझ' वाढवावी लागते, आणि ती ओळ 'कॅश डिर'च्या ओळीच्या आधी लिहावी, कारण त्या वेळी जो आकडा ठरलेला असतो तोच त्या कॅश डिरेक्टरीला लागू होतो. खाली लिहिलेली मोठी मर्यादा कागदोपत्री बरोबर दिसते, पण प्रत्यक्षात जुनी ४ मेगाबाइटच चालू राहते.

हे तपासण्यासाठी मी नेहमी डेबियनच्या किंवा उबुंटूच्या भांडारातले एखादे मोठे पॅकेज निवडते. ही भांडारे साध्या एचटीटीपीवर उपलब्ध असतात, आणि पॅकेजांची सत्यता स्वाक्षरी केलेल्या सूचीवरून तपासली जात असल्यामुळे वाटेत कॅश असण्याने सुरक्षेला बाध येत नाही. एका संगणकावरून 'कर्ल' या उतरवण्याच्या आज्ञेला प्रॉक्सीचा, म्हणजे स्क्विडचा, पत्ता देऊन ती फाइल पूर्ण उतरवावी, मग दुसऱ्या संगणकावरून तीच आज्ञा द्यावी. फक्त मथळे मागवणारा मोठा 'आय' पर्याय इथे वापरू नये, कारण तशा विनंतीत फाइलीचा आशय येतच नाही, तेव्हा साठवायला काही नसते, आणि कितीही वेळा चालवले तरी 'मिस'च (साठ्यात सापडले नाही) दिसते. पूर्ण फाइल उतरवल्यावर लॉगमधल्या पहिल्या ओळीत 'टीसीपी मिस', २०० आणि उजवीकडे 'हायर डायरेक्ट' व मूळ सर्व्हरचा पत्ता असा मजकूर येतो. दुसऱ्या ओळीत 'टीसीपी हिट' (साठ्यातून दिले), २०० आणि 'हायर नन' यायला हवे, आणि ओळीतला दुसरा स्तंभ, म्हणजे मिलिसेकंदांत मोजलेला वेळ, ठळकपणे कमी झालेला दिसायला हवा. 'टीसीपी रिफ्रेश अनमॉडिफाइड' आले तर तेही यशच आहे: स्क्विडने मूळ सर्व्हरला फक्त 'फाइल बदलली का' एवढे विचारले आणि आपल्याकडची प्रत दिली.

हे पॅकेज 'हिट' देते, पण विंडोजची अद्यतने देत नाहीत, असा प्रश्न लगेच पुढे येतो. मायक्रोसॉफ्टची मासिक अद्यतने दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडच्या रात्री, प्रसिद्ध होतात आणि बुधवारी सकाळी प्रयोगशाळेतले सगळे संगणक एकाच वेळी त्यांच्यावर तुटून पडतात. त्या तासाभरासाठीच तर कॅश हवी असते. अडचण अशी की हे संगणक फाइल सलग मागत नाहीत, तिचे तुकडे मागतात, आणि स्क्विड तुकड्यांची २०६ क्रमांकाची उत्तरे साठवत नाही. 'रेंज ऑफसेट लिमिट' त्या संकेतस्थळांपुरती 'नन' केली आणि 'क्विक अबॉर्ट मिन' उणे एक केली, की कोणी तुकडा मागितला तरी स्क्विड पूर्ण फाइल आणतो, मागणारा मध्येच निघून गेला तरी उतरवणे पुरे करतो आणि पुढच्याला आपल्याकडून देतो. मात्र फाइलीचा आकार आपल्या कमाल मर्यादेपेक्षा मोठा असेल, तर स्क्विड प्रत्येक तुकड्यासाठी पूर्ण फाइल आणेल आणि प्रत्येक वेळी ती टाकून देईल. म्हणजे बचतीसाठी बसवलेला सर्व्हर उलट कित्येक पट वाहतूक करू लागेल. म्हणून ही सूट कधीही सरसकट सगळ्या इंटरनेटसाठी देऊ नये, आणि देण्याआधी आकाराची मर्यादा वाढवलेली असावी.

लॉगमध्ये सगळीकडे 'टीसीपी टनेल' दिसत असेल तर ती वाहतूक एचटीटीपीएसची, म्हणजे कूटबद्ध, आहे. स्क्विड ती नुसती पुढे सरकवतो. तिच्या आत काय आहे हे त्याला दिसत नाही, मग साठवणार काय? ती उघडण्यासाठी 'एसएसएल बंप' नावाची सोय आहे. ती वापरायला गेल्यास डेबियन आणि उबुंटूचे साधे पॅकेज तो पर्याय ओळखतच नाही, कारण ते ओपनएसएसएलशिवाय बांधलेले असते. त्यासाठी वेगळे 'स्क्विड ओपनएसएसएल' पॅकेज घ्यावे लागते. 'स्क्विड डॅश व्ही' दिल्यावर बांधणीचे सगळे पर्याय छापून येतात, त्यात हे पाहून घ्यावे. पुढे प्रमाणपत्रे तयार करणारे मदतनीस 'क्रॅशिंग टू रॅपिडली' अशी तक्रार करत कोसळले, तर प्रमाणपत्रांची साठवण आधी तयार केलेली नसते किंवा तिची मालकी चुकीची असते.

ही सोय असली तरी केवळ बँडविड्थ वाचवण्यासाठी ती वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. लोकांचे बँकेचे, आरोग्याचे, खासगी पत्रव्यवहाराचे व्यवहार मधल्या एका यंत्रावर उघडे करण्याइतकी ती बचत मोठी नाही, आणि अद्यतने उतरवणारे अनेक प्रोग्रॅम असे मधले प्रमाणपत्र स्वीकारतही नाहीत. त्याऐवजी ज्या आशयासाठी निर्मात्यानेच स्वतंत्र कॅश दिली आहे तिथे ती वापरावी: विंडोजच्या जगात मायक्रोसॉफ्ट कनेक्टेड कॅश, तर ॲपलच्या यंत्रांसाठी मॅकओएसमध्ये २०१७ सालच्या हाय सिएरापासून अंगभूत असलेले कन्टेन्ट कॅशिंग. स्क्विडकडे उरलेले काम द्यावे आणि ते तो उत्तम करतो.

संथपणाची तक्रार आली तर कॅशवर संशय घेण्याआधी डीएनएस तपासावे. स्क्विड सर्व्हरच्या 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ'मधले नामसर्व्हर घेऊन स्वतःच नावे शोधतो. त्या यादीतला पहिलाच नामसर्व्हर बंद असेल तर प्रत्येक नव्या संकेतस्थळाला रेंगाळल्यासारखे होते. सर्व्हरला आयपीव्ही६ चा पत्ता आहे पण बाहेर जाण्याचा मार्ग नाही, अशा अर्धवट मांडणीचा परिणामही असाच दिसतो.

सगळे 'हिट' दिसू लागल्यावर, वापरकर्त्यांना पत्ता देण्याआधी, यंत्र एकदा पूर्ण रीबूट करावे आणि दोन संगणकांची तीच चाचणी पुन्हा घ्यावी. फायरवॉलमध्ये पोर्ट उघडताना 'परमनंट' द्यायचे राहिले असेल तर ते आता बंद झालेले दिसेल. कॅशची डिस्क 'एफएसटॅब'मध्ये (सुरुवातीला माउंट करायच्या डिस्कांच्या यादीत) नोंदवायची राहिली असेल, किंवा स्क्विड तिच्याआधी सुरू होत असेल, तर रिकाम्या माउंट पॉइंटवर नव्याने उपडिरेक्टऱ्या तयार होऊन मूळ विभाग हळूहळू भरू लागेल. म्हणून सेवेच्या सिस्टिमडी फाइलीला जोड देऊन 'रिक्वायर्स माउंट्स फॉर'मध्ये तो पत्ता लिहावा, म्हणजे डिस्क माउंट झाल्याशिवाय स्क्विड सुरूच होणार नाही. आणि ३१२८ हे पोर्ट बाहेरच्या इंटरनेटवरून उघडे नाही ना, हे संस्थेबाहेरच्या एखाद्या जोडणीवरून त्याच वेळी पाहून घ्यावे. उघडा प्रॉक्सी शोधणारे प्रोग्रॅम सतत फिरत असतात आणि असा सर्व्हर सापडला की तो दुसऱ्यांच्या कामाला जुंपला जातो.